शिऱ्याचा द्रोण

आज डोकं जाम फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणारे. कंटाळा आला तर पुढे स्क्रोल करा.

सोसायटीत सत्यनारायण होता. ताई आणि चिऊ आल्या होत्या. चिऊ आठ वर्षांची, टाइप वन डायबेटिस, तीन वर्षं झाली. प्रसादाचे द्रोण फिरायला लागले तसं ताईने शिऱ्याचा अंदाज घेऊन तिला 2 युनिट इन्सुलिन दिलं आणि सुई टाकायला आत गेली. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी चिऊच्या हातातला द्रोण चक्क काढून घेतला. "बाळा, तुला शुगर आहे ना, तुला नाही चालत." वर बाकीच्या बायकांकडे बघून, "आजकाल आयाच चॉकलेटं देऊन लाडावून ठेवतात." चिऊ एक शब्द बोलली नाही. खाली मुलांत पळायला गेली.

आता इन्सुलिन एकदा टोचलं की ते काही परत घेता येत नाही, शिरा पोटात गेला नाही तरी ते रक्तातली साखर खाली आणणारच. पाऊण तासाने पोरगी घामाने डबडबलेली, हात थरथरतायत, शुगर 58. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, ताई पंधरा मिनिटं तिला मांडीवर घेऊन घड्याळाकडे बघत बसली, मग 84 आली. म्हणजे गोड नको म्हणून जिचा द्रोण काढला तिला शेवटी साखरच पाजावी लागली!!

टाइप वन गोड खाऊन होत नाही हो. आपलीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. आजोबांना साठीला झाला तो डायबेटिस वेगळा. आणि कृपा करून ताईला कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पावडर सुचवू नका. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, त्याच्या आधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून मरण थोडं लांबवायचे, बस. शंभर वर्षं उलटली आणि आपण अजून कारल्यावरच.

हां, काकूंच्या मनात वाईट नव्हतं, मान्य. त्यांनीच मागे ताईसाठी डबे पाठवले होते.

आणि खरं सांगू का, मी तरी कुठे शहाणी होते. तीन वर्षांपूर्वी चिऊ सारखं पाणी मागायची, रात्री परत अंथरूण ओलं करायला लागली, पंधरा दिवसांत हडकली, आम्ही म्हटलं उन्हाळा आहे. मग उलट्या, जोरजोरात श्वास, थेट आयसीयू. तिथल्या बाकड्यावर बसून मी माझ्या सख्ख्या बहिणीला विचारलं, "तू फार गोड देत होतीस का गं तिला?" ताई नुसती बघत राहिली. आज द्रोण गेल्यावर चिऊचा चेहरा अगदी तस्साच झाला होता.

दिवसाला चार सुया, रात्री तीनला अलार्म लावून बोट टोचणं, स्ट्रिप्सचा खर्च, शाळेत "मधल्या सुट्टीआधी खायचं नाही" म्हणणाऱ्या बाई (2023 मध्ये बालहक्क आयोगाने राज्यांना लिहिलंय की अशा मुलांना वर्गात शुगर तपासू द्या, खाऊ द्या, पण वाचतो कोण). एवढं सगळं ताई रोज करते. आणि लोक चिऊच्या देखत विचारतात, "मुलीची जात, पुढे लग्नाचं कसं?" आठ वर्षांची आहे हो ती! ताईला एक रात्र सलग झोपायला मिळावं म्हणून मी तो तीनचा अलार्म शिकून घेतला, त्यालाही मला दोन वर्षं लागली, हे लिहितानाच लाज वाटतेय.

आत्ता चिऊ विचारतेय, मावशी, शिरा उरलाय का? उरलाय, काकूंकडेच, पातेलंभर. आणायला निघालेय. भांडणार नाहीये. बहुतेक.