‘छोटंसंच काम आहे हो!’

“छोटंसंच काम आहे, तुम्हाला काय, तासाभरात होईल!” हे लेख मागणाऱ्याकडून ऐकलं की डोकंच फिरतं. मग तुम्हीच लिहा की! दर सांगितला की “बजेट नाहीये हो.” दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ मात्र चकचकीत आर्ट पेपरवर. कागदवाल्याचे, छपाईवाल्याचे पैसे चोख, लेखकाला एक अंक आणि “तुमचं नाव होईल ना!” नाव सांगून किराणावाला तूरडाळ देतो का? बरं, ठरलेले तरी वेळेवर द्या. लेखकाची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, असेल तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. हे बोललं की, “अहो, आपल्यात कसला कायदा!” दिवाळीचे पैसे होळीला मागितले तर अकाउंटंट रजेवर. दहा टक्के टीडीएस कापायला बरा हजर असतो!