रंगांधळेपणा थेंबांनी धुऊन निघत नाही

माझ्या भाच्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. परवा ताई त्याच्या डोळ्यांत कांद्याचा रस आणि मध घालायला निघाली होती. कारण नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: 'डोळ्यातलं पाणी गढूळ झाल्याने रंगांधळेपणा येतो, हे थेंब घाला, पाणी स्वच्छ होईल. या लोकांना सगळं काळं-पांढरं दिसतं. मुलींना हा त्रास होत नाही. उपाय केला नाही तर करिअर संपलं.'

आधी ते पाणी. ही शंका दोनशे वर्षांपूर्वीच येऊन गेलीय आणि तपासूनही झालीय. शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांना स्वतःलाच हा दोष होता. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा, असा तर्क त्यांनी १७९४ मध्ये मँचेस्टरला मांडला, आणि मेल्यावर डोळे तपासा असं सांगून ठेवलं. १८४४ मध्ये ते वारले. डॉक्टरांनी डोळा कापून पाहिला, तर द्रव नितळ! जपून ठेवलेल्या त्याच डोळ्यांचा डीएनए १९९५ मध्ये तपासला, तेव्हा हिरवा प्रकाश टिपणाऱ्या शंकुपेशींसाठी लागणारं जनुकच नसल्याचं दिसलं. दोष जन्मापासूनचा, तोही डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींत. तिथे थेंब काय करणार? उलट मुलाचा डोळा भाजून निघेल, जंतुसंसर्ग झाला तर असलेली नजरही धोक्यात.

मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं आणि रंग फिके दिसतात, एवढं मान्य. पण तो वेगळा आजार, आणि त्यावर ऑपरेशन करतात.

काळं-पांढरं? भाचा निळा-पिवळा चटकन ओळखतो. चार्जरचा दिवा लाल आहे की हिरवा, हे मात्र विचारतो. सगळंच काळं-पांढरं दिसणारे लोक फार विरळ.

मुलींनाही होतो, पण क्वचित. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाकडे एकच एक्स, मुलीकडे दोन; तिच्या एका एक्सवर दोष असला तरी दुसरा सहसा सांभाळून घेतो. मुलाचा एक्स आईकडून येतो, पण एवढ्यावरून ताईला बोल लावणाऱ्यांनीही गप्प बसावं. यात तिच्या हातात काहीच नव्हतं.

राहिलं करिअर. रेल्वे इंजिन चालवता येणार नाही, हे खरं. पण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने रंगांधळेपणामुळे एडिटिंगला प्रवेश नाकारलेल्या उमेदवाराच्या बाजूने सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये निकाल दिलाय. भाच्याला एडिटिंगचंच वेड आहे. तो निकाल ताईला पाठवलाय, ग्रुपवरही टाकतोय.