जायफळ कुणाचे?

पुण्याला गेलो की सदाशिव पेठेतल्या घरी जेवणानंतर एक वाद हमखास रंगतो. मामांचे म्हणणे असे की, मसाले आपले होते, युरोपीयांनी ते लुटून नेले आणि त्यावर त्यांची बंदरे गबर झाली. गेली नऊ वर्षे मी नेदरलँड्समधल्या होर्न या जुन्या बंदरात राहतो. त्यामुळे या म्हणण्याचा उत्तरार्ध मला रोज दिसतो, पूर्वार्ध मात्र पुरता पटत नाही.

१६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक होर्नमध्ये होती. इथे आजही उकडलेल्या फुलकोबीवर जायफळ किसून घालतात, लवंगा घातलेले चीज खातात आणि डिसेंबरच्या सणाला दालचिनी-लवंगेची बिस्किटे घरोघरी असतात. या थंड मुलखात जे झाड तगणेही शक्य नाही, त्याची चव इथल्या आज्यांच्या हातात उतरली आहे. पण आईच्या पुरणातल्या जायफळाची गोष्ट तरी कुठे वेगळी आहे? त्या काळी जायफळ आणि जायपत्री इंडोनेशियातल्या चिमुकल्या बांदा बेटांवरच पिकत असे, आणि आपल्याकडे ती समुद्रमार्गे विकत येत असे. मिरी आपली खरी, पण तीही मलबारची. १६६३ मध्ये पोर्तुगीजांकडून कोची घेतल्यावर डचांनी तिथल्या राजाला आपल्याशी करारबद्ध केले, तेवढ्यापुरती मामांची तक्रार मला मान्य आहे.

बांदाचे मात्र सर्वस्व गेले. होर्नमध्येच जन्मलेल्या यान पीटरसून कून याने १६२१ मध्ये ती बेटे जिंकली, तेव्हा कत्तल, उपासमार आणि गुलामगिरी यांमुळे सुमारे १५,००० रहिवाशांपैकी जेमतेम हजारभर तिथे उरले, असा अंदाज आहे. पुढे जायफळाच्या बागा डच मळेवाल्यांना वाटल्या गेल्या आणि त्यांत गुलाम राबवले गेले. कूनचा पुतळा १८९३ पासून आमच्या चौकात आहे. २०११ मध्ये क्रेनचा धक्का लागून तो पडला, तेव्हा तो पुन्हा उभारावा का, यावर गावात वाद झाला. अखेर पुतळा परत आला, पण त्याखाली त्याच्या हिंसक कारभारावरील टीकेची नोंद घेणारा मजकूर लागला. एवढ्याने बांदाचे देणे फिटले नाही, असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यांच्या बाजूने मी आहे.

पुढच्या फेरीत मामांना वेंगुर्ल्याची सतराव्या शतकातली पडकी डच वखार दाखवायला नेणार आहे. तिच्या भिंतीपाशी उभे राहून, आमच्या वादात आजवर एकदाही न आलेले बांदाचे नाव मला त्यांच्यापुढे काढायचे आहे.