साधा एडिटर मिळेल का?

वेबपानाचा कोड म्हणजे शेवटी नुसती अक्षरं. कोनी कंसात एच-वन ही मथळ्याची खूण, म्हणजे टॅग, लिहायचा, मथळा लिहायचा, तिरकी रेघ घालून टॅग मिटवायचा. त्यासाठी लिहिलेलं जसंच्या तसं ठेवणारा एखादा साधा एडिटर हवा, एवढंच मी चारचौघांत बोललो. तेव्हापासून ओळखीतला प्रत्येकजण मला शहाणं करायच्या मागे लागलाय.

एका सज्जनांनी विचारलं, ‘‘वर्ड प्रोसेसर आहे ना? मग?’’ आहे. पण तो सुधारक वृत्तीचा आहे. मी लिंकच्या पत्त्याभोवती सरळ अवतरणचिन्ह टाइप केलं की तो त्याला बाक देतो. लग्नपत्रिकेत ते शोभत असेल, ब्राउझरला मात्र त्या बाकदार चिन्हाची ओळखच नाही. तो त्याला पत्त्याचाच भाग समजतो आणि लिंक भलतीकडेच जाते.

मग नोटपॅड. 1985 साली विंडोजच्या पहिल्या आवृत्तीबरोबर तो आला आणि आपण होऊन काही सुचवायचं नाही हे व्रत त्याने वर्षानुवर्षं पाळलं. स्वभाव मला आवडतो. पण 2018 पर्यंत विंडोजऐवजी लिनक्सवर लिहिलेली फाइल त्यात उघडली की सगळा कोड एका ओळीत सलग वाहत जायचा. आणि 2019 पर्यंत तो आपणहून यूटीएफ-8, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत, निवडायचा नाही. मराठी मजकूर सेव्ह करताना तो एक इशारा द्यायचा. इशारे वाचतो कोण? ‘ओके’ म्हटलं की सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं. आता तो सुधारलाय म्हणतात, तरी ओळखीपाळखीत त्याचं नाव घेतलं की लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात.

कीव करणाऱ्यांत आघाडीवर असतात विमवाले, म्हणजे विम या एडिटरचे भक्त. विमचा पूर्वज व्हीआय, बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास लिहिलेला. तेव्हाचे मोडेम इतके मंद की एकेक अक्षर वाचवणं भाग होतं, म्हणून आज्ञा अगदी तोकड्या. त्यात टाइप केलेलं अक्षर हे अक्षर असेलच असं नाही. तुम्ही कुठल्या मोडमध्ये आहात, लिहिण्याच्या की आज्ञा देण्याच्या, त्यावर ते ठरतं. दोनदा डी दाबलं की अख्खी ओळ गायब. बाहेर कसं पडायचं, हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा प्रश्न 2017 पर्यंत दहा लाख वेळा पाहिला गेला होता, म्हणजे आत अडकलेल्यांना निदान सोबत तरी भरपूर आहे.

पण ते सगळे इंग्रजीत अडकलेले. मराठी माणूस इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकासह अडकतो, त्याची तऱ्हाच वेगळी. कर्सर हलवायच्या एच, जे, के, एल या कळांवर तिथे प, र, क, त बसलेले आहेत. आणि बाहेर पडण्यासाठी अपूर्णविराम आणि क्यू दाबावं, तर ‘छौ’ तयार होतं. लिहिण्याचा मोड सोडायला एस्केप दाबायचं राहिलं असेल तर ते पानात छापलंही जातं. विमला ‘छौ’ समजत नाही. मला वाटतं, माझी एकूण मनःस्थिती त्याइतकी नेमकी दुसऱ्या कुठल्याच आज्ञेने व्यक्त झाली नसती.

ईमॅक्सवाल्यांशी मी वाद घालत नाही. ज्या एडिटरमध्ये मानसोपचारतज्ज्ञाशी गप्पा मारायची आज्ञा आधीच घालून ठेवलीय, त्याने आपल्या गिऱ्हाइकांची दशा ओळखलेली दिसते.

तरुण मंडळी ॲटम नावाच्या एडिटरचं गुणगान करायची. 2014 मध्ये तो आला आणि डिसेंबर 2022 मध्ये बंद झाला. आता सगळे व्हीएस कोडकडे बोट दाखवतात. त्याच्या पोटात क्रोम ब्राउझरचा गाभा असलेलं क्रोमियम आहे, म्हणजे पान लिहायला एक ब्राउझर आणि बघायला दुसरा. उद्गारचिन्ह देऊन टॅब दाबलं की पानाचा सांगाडा तयार, आणि त्यात भाषा इंग्रजी धरलेली. ती खोडून मराठीचं ‘एमआर’ करा. मी टॅग उघडला की तो मिटवून मोकळा होतो. मग मीही सवयीने मिटवतो आणि मिटवण्यावरून आमची झटापट होते. शिवाय प्रत्येक अक्षरागणिक सूचनांची यादी खाली लोंबते. मला परिच्छेदाचा ‘पी’ लिहायचा असतो. फक्त ‘पी’.

यातल्या बहुतेक सूचना बंद करता येतात, असा शोध लागल्यावर मी एकेक बंद करत गेलो. उरल्या ओळींचे आकडे, टॅगांना रंग आणि यूटीएफ-8. मला हवं होतं तेवढंच, फक्त तिथवर पोचायला सेटिंगांचं अरण्य तुडवावं लागलं. ही वार्ता मी आनंदाने एका जाणकाराला सांगितली. तो म्हणाला, ‘‘छान. पण ओळी आत सरकवायला टॅब वापरतोस की स्पेस?’’

एचटीएमएलला याचं सुखदुःख नाही. मजकुरातल्या लागोपाठच्या दहा स्पेसची ब्राउझर मुकाट्याने एक करतो. मी म्हटलं, ‘‘हाताला येईल ते. कुठे टॅब, कुठे स्पेस.’’

‘‘एकाच फाइलमध्ये?’’ त्याने विचारलं, आणि खुर्ची थोडी मागे सरकवली.