टाकीतलं पाणी फुफ्फुसात साचत नाही: सीपॅपवरच्या फॉरवर्डला उत्तर

आठवड्यापूर्वी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड पडला. दोन दिवसांनी तोच मावसभावाकडून आला. परवा शेजारच्या काकू सांगत होत्या की काकांनी तो वाचून सीपॅपची पाण्याची टाकी काढली आणि माळ्यावर टाकली. सीपॅप म्हणजे झोपेत घसा मिटू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, आणि टाकी म्हणजे त्या हवेला ओलावा देणारा त्याचा ह्युमिडिफायर. काका झोपेत घुसमटतात, स्लीप स्टडी (झोपेची तपासणी) झाली आहे, मशीन दोन वर्षं वापरतात. मीही चार वर्षं वापरतो. म्हणून हे लिहायला बसलो.

फॉरवर्डमधले मुद्दे थोडक्यात असे. ह्युमिडिफायरची वाफ रात्रभर फुफ्फुसात जाऊन तिथे पाणी साचतं आणि न्यूमोनिया होतो. परदेशात लाखो मशिनं परत मागवली ती याच पाण्यामुळे. आपली हवा दमटच असल्याने टाकी हा कंपन्यांचा धंदा आहे. घोरणारा माणूस तोंडाने श्वास घेतो, म्हणून नाकाचा मास्क निरुपयोगी. टाकी वापरायचीच तर आरओचं पाणी भरा आणि निलगिरी तेलाचे दोन थेंब टाका. मशीनची सवय लागली की फुफ्फुसं दुबळी होतात. शेवटी नेहमीचं वाक्य: डॉक्टर हे सांगणार नाहीत.

पाणी साचण्यापासून सुरुवात करतो. मी बँकेत तीस वर्षं हिशेब तपासले, तर हाही मांडून बघू. आठवडाभर मी टाकी रात्री रेघेपर्यंत भरली आणि सकाळी उरलेलं पाणी मापाच्या पेल्याने मोजलं. एसी चालू असताना रात्रीला साधारण २०० मिली कमी व्हायचं. ते सगळं माझ्या छातीत गेलं? मास्कच्या पुढे बारीक छिद्रं असतात. ती मुद्दाम ठेवलेली असतात, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड निघून जावा म्हणून. मधल्या दाबावर त्यांतून मिनिटाला ३० लिटरच्या आसपास हवा सतत बाहेर पडते. सात तासांची झाली १२,६०० लिटर. त्यात २०० ग्रॅम पाणी वाटलं तर लिटरला येतं १६ मिलिग्रॅम. एसीच्या खोलीतल्या २४ अंशांच्या, निम्म्या दमट हवेत आधीच ११ मिलिग्रॅम असतं. बेरीज २७. आता फुफ्फुसातली हवा बघा: ३७ अंशांना ती पूर्ण ओली असते, लिटरला ४४ मिलिग्रॅम. म्हणजे टाकी लावूनसुद्धा आत जाणारी हवा छातीतल्या हवेपेक्षा कोरडीच असते. ती वाटेत तुमच्याकडूनच ओलावा उचलते. कोरड्या हवेतून ओल्या जागी पाणी साचेल कसं?

मग ही कल्पना आली कुठून? मला वाटतं, लिहिणाऱ्याला एकदा तरी ‘नळीत पाणी’ प्रकार झाला असावा. मला झाला होता. पहिल्याच महिन्यात रात्री अडीचला नाकात गार पाण्याचा घोट आला, उठून बसलो आणि वाटलं बुडालो. मशीनमधून निघालेली कोमट ओली हवा एसीने गार पडलेल्या नळीत थंड होते. गार तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तसं इथे नळीला आतून सुटतं. ते पाणी नळीतलं, फुफ्फुसातलं नव्हे. उपायही घरगुती आहेत: मशीन उशीच्या पातळीच्या खाली ठेवा, नळी पांघरुणाखालून घ्या, एसी दोन अंश वर करा, नाहीतर ओलाव्याचा आकडा एकाने उतरवा. गरम होणारी नळीही मिळते.

न्यूमोनियाच्या भीतीत मात्र थोडं तथ्य आहे, आणि ते नाकारणार नाही. ही टाकी नेब्युलायझरसारखे पाण्याचे थेंब उडवत नाही. पाणी वाफ होऊन जातं आणि जंतू वाफेवर बसून जात नाहीत. पण चार दिवसांच्या शिळ्या पाण्याला नव्या पाण्याची भर घालत राहिलात तर टाकीच्या तळाला बुळबुळीत थर धरतो, आणि तसल्या टाकीवरून आलेली हवा रात्रभर नाकात घेणं शहाणपणाचं नाही. सकाळी उरलेलं पाणी ओतून द्या, साबणाच्या कोमट पाण्याने टाकी धुवा, सुकवा. पाच मिनिटांचं काम आहे. आपण चहाचं गाळणंही रोज धुतो.

परत मागवलेल्या मशिनांची गोष्ट खरी आहे, कारण खोटं आहे. जून २०२१ मध्ये फिलिप्सने लाखो मशिनं परत मागवली ती आत बसवलेल्या फोममुळे. पंख्याचा आवाज कमी करायला लावलेला तो पॉलिएस्टर-पॉलियुरेथेनचा फोम झिजून त्याचे कण आणि वायू हवेच्या वाटेत येण्याचा धोका होता. ओझोनने सफाई करणारी यंत्रं आणि उष्ण-दमट हवामान यांनी झीज वाढू शकते, असंही कंपनीनेच कळवलं होतं. टाकीतल्या पाण्यावर त्यात ठपका नव्हता. ओझोनवाल्या यंत्रांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२० मध्येच इशारा दिला होता. तेव्हा साबण बरा.

‘आपली हवा दमटच’ हे रत्नागिरीत जुलैमध्ये बऱ्यापैकी खरं. तिथला माझा मेहुणा पावसाळ्यात ह्युमिडिफायर बंद ठेवतो, त्याचं काही अडत नाही. पण २७ अंशांच्या, ८० टक्के दमट हवेतही लिटरला २० मिलिग्रॅमच पाणी असतं. नाशिकला डिसेंबरच्या पहाटे १२ अंश असताना सहा-सातच. बाकीची भर नाक घालतं, आणि श्वास सोडताना त्यातला काही ओलावा परत मिळवतं. हवा नाकाने आत येऊन तोंडावाटे गळायला लागली की ही परतफेड थांबते. नाक सुकतं, मग आतून सुजतं, चोंदतं. चोंदलं की तोंड आणखी उघडतं. टाकी हवी ती हे चक्र थांबवायला.

आणि इथेच नाकाच्या मास्कचा मुद्दा येतो, कारण अनेकांना नाकाचा मास्क जमत नाही तो सुकलेल्या, चोंदलेल्या नाकामुळे. सीपॅपचा जन्मच नाकावर झाला. सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीची हवा रोग्याच्या नाकात सोडली आणि रात्रभर बंद पडणारा घसा उघडा राहिला. १९८१ मध्ये ते ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलं. नाकातून आलेला दाब पडजीभ आणि जीभ पुढे ढकलतो. तोंडही झाकणाऱ्या मास्कमध्ये दाब दोन्हीकडून येतो, तो फायदा कमी होतो, शिवाय पट्टे हनुवटी मागे ओढतात. म्हणून त्यात सरासरीने दाब जास्त लागतो आणि हवाही जास्त गळते.

मला विक्रेत्याने आधी नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्कच दिला होता, ‘सगळे हाच नेतात’ म्हणून. सहा आठवड्यांत नाकाच्या दांडीवर लाल वळ उठला. गळती थांबावी म्हणून मी पट्टे आवळत गेलो आणि गळती वाढत गेली. शेवटी स्लीप लॅबमधल्या ताईंनी मला आडवं केलं, मशीन चालू ठेवून नाकाचा छोटा मास्क लावला, पट्टे दोन घरं सैल केले आणि मास्क चिमटीत धरून क्षणभर पुढे ओढून परत टेकवला. मास्कची मऊ कड आपोआप फुगून चेहऱ्यावर बसली. त्या म्हणाल्या, “आता बोलून दाखवा.” तोंड उघडलं आणि फुगा सोडल्यासारखी हवा बाहेर फुस्स. तोंड मिटायला शरीर तिथेच शिकतं. मला आठ-दहा रात्री लागल्या. नाकाचं हाड फारच वाकडं असेल, नाकात कोंब (पॉलिप) असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे मोठा मास्क लागतो आणि ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ठरवावं.

आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, शून्य नसतात. टाकीत पांढरी वर्तुळं धरतात ती त्यांचीच. मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणा. इन्व्हर्टरमध्ये घालतो ते पाणी श्वासासाठी बनवलेलं नाही, तेव्हा दहा रुपयांसाठी तो मोह नको. आणि निलगिरी? अजिबात नाही. तेल टाकीच्या प्लास्टिकची वाट लावतं आणि रात्रभर त्याची वाफ श्वासनलिकेला झोंबत राहते. झोपताना नाकात साजूक तूप घालणाऱ्यांनीही मास्क लावायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. तेल-तूप फुफ्फुसात उतरलं तर खरोखरचा न्यूमोनिया होऊ शकतो.

दुबळ्या फुफ्फुसांबद्दल एवढंच: सीपॅप तुमच्या वतीने श्वास घेत नाही, ऑक्सिजनही बनवत नाही. दाब वातावरणाच्या एक टक्क्याच्या आसपास, घसा मिटू नये इतका. श्वास तुम्हीच घेता.

काकांची टाकी काल मी स्वतः माळ्यावरून उतरवली. तळाला पांढरं वर्तुळ होतंच. एक भाग व्हिनेगर आणि दहा भाग पाणी करून भिजत ठेवली. व्हिनेगर काकूंनी नातवाच्या चायनीजसाठी आणलेलं, बाटली अर्धी झालेली बघून त्या माझ्याकडे बघत होत्या.