दगडी तळमजल्याचा विसर पडू नये

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील नॉर्टन सेंट फिलिप गावच्या ‘जॉर्ज इन’ला तुमच्या लेखात ‘संपूर्ण लाकडी सराई’ म्हटले आहे, ते मला पटले नाही. तळमजला भक्कम दगडी असून, लाकडी सांगाड्याचे दोन मजले त्यावर रस्त्याच्या बाजूला एकापुढे एक झुकलेले आहेत. हिंटन येथील कार्थुसियन या एकांतवासी ख्रिस्ती पंथाच्या मठाने उभारलेली ही वास्तू लोकरीच्या जत्रेला येणाऱ्या व्यापाऱ्यांना उतरण्यासाठी होती, हेही लेखात यायला हवे होते.

मी तिथे गेलो, तेव्हा त्या दगडी कमानीखाली बराच वेळ थांबलो. वर पाहिले की पुढे आलेल्या तुळयांची टोके स्पष्ट दिसतात आणि दगडावर लाकूड कसे विसावले आहे ते कळते. मागच्या अंगणातील लाकडी सज्जाचा उल्लेखही राहून गेला, याची मनापासून खंत वाटते.