शंभर टक्के निकाल, पण कितीजणांचा?

मे महिना लागला की बडोद्यात मांडवीपासून दांडिया बाजारापर्यंत चौकाचौकात शाळांचे फ्लेक्स चढतात. अमुक विद्यालय, निकाल १०० टक्के. तमुक हायस्कूल, ९९.९८. खाली ओळीने पासपोर्ट साइज चेहरे. त्याच आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर "वर्षभरातील उज्ज्वल यश" नावाची पीडीएफ येते. तिच्यात आधी ट्रस्टींचं अभिनंदन, मग आचार्यांचं (म्हणजे मुख्याध्यापकांचं), मग मुलांचं. आपण अंगठा दाखवतो आणि पुढे जातो.

माझी तक्रार एकच आहे. या बातम्यांमध्ये अंश छापतात आणि छेद गाळतात. छेद गाळलेला आकडा खोटा असतोच असं नाही, पण त्यावरून शाळेबद्दल काहीही कळत नाही. पोराला कुठल्या शाळेत घालायचं हे मात्र लोक त्याच आकड्यावरून ठरवतात.

सगळ्यात आधी पीआर. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रकावर गुण असतात, ग्रेड असते आणि पर्सेंटाइल रँक, म्हणजेच पीआर, असतो. हा रँक म्हणजे टक्के नव्हेत. ९९ पीआर म्हणजे राज्यात बसलेल्या मुलांपैकी ९९ टक्के मुलं तुमच्या मागे. दहावीला नियमित उमेदवार साधारण सात लाख असतात, म्हणजे ९९ पीआरवाल्याच्या पुढे अजून सात हजार मुलं उभी आहेत. ९० पीआरवाल्याच्या पुढे सत्तर हजार. नातवाला ९०.१२ आले म्हणून आजी शेजारी पेढे देताना "नव्वद टक्के पडले" सांगते, त्यात आजीचा दोष नाही. फ्लेक्सवर नुसतं ९०.१२ छापलेलं असतं, पुढे ना पीआर ना टक्के. ते चुकून राहतं यावर माझा विश्वास नाही.

ग्रेडचं गणित वेगळं. ए१ म्हणजे ९१ ते १००, ए२ म्हणजे ८१ ते ९०, असं उतरत डी म्हणजे ३३ ते ४०, आणि त्याखाली ई१, ई२. ही ग्रेड सरळ गुणांवरून येते, त्यामुळे पेपर सोपा निघाला की ए१ वाढतात. पीआरमध्ये मात्र सगळेच वर गेल्यामुळे जागा तीच राहते. २०२३ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ६४.६२ टक्के होता आणि ए१ मिळवणारी मुलं ६,१११. २०२४ मध्ये निकाल ८२.५६ टक्के, ए१ मिळवणारी २३,२४७. एका वर्षात गुजरातची पोरं चौपट हुशार झाली असतील तर आनंदच आहे, पण त्या वर्षी प्रश्नपत्रिकेचा साचा बदलला होता. वस्तुनिष्ठ प्रश्नांचा वाटा २० वरून ३० टक्क्यांवर गेला आणि वर्णनात्मक प्रश्नांत "अथवा"च्या जागी सर्वसाधारण पर्याय आले, म्हणजे दिलेल्यांपैकी येतात ते सोडवा. परिणाम असा की २०२३ ला ९१ टक्के मिळवणारं मूल ९९ पीआरच्या वर होतं, आणि २०२४ ला तेवढ्याच टक्क्यांचं मूल ९७ च्या आसपास.

आता एखादी शाळा २०२३ ला ७० वरून २०२४ ला ८६ वर आली आणि अहवालात "निकालात १६ टक्क्यांची घवघवीत वाढ" असं लिहिलं, तर काय समजायचं? राज्य त्याच काळात जवळपास १८ ने वर गेलं. शाळा मागे पडली. २०२५ ला राज्याचा निकाल ८३.०८ होता, तेव्हा वर्षावर्षाची तुलना करायचीच तर २०२४ पासून पुढे करावी, आणि शेजारी राज्याचा आकडा ठेवावा. बारावीलाही हेच. २०२४ ला सामान्य (कला-वाणिज्य) प्रवाहाचा राज्याचा निकाल ९१.९३ टक्के होता, विज्ञान प्रवाहाचा ८२.४५. "बारावी ९२ टक्के" एवढंच लिहिलं तर सामान्य प्रवाहात ती सरासरी आहे आणि सायन्समध्ये चांगली कामगिरी. प्रवाह लिहायला किती जागा लागते? आणि कोणी "सलग इतकी वर्षं १०० टक्के" म्हणून २०२१ मोजत असेल तर त्याला हात जोडावेत. त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही, सगळ्यांना मास प्रमोशन होतं.

मुख्य मुद्दा पुढचा आहे. १०० टक्के निकाल कसा तयार होतो?

एक धरून चालू. नववीला जूनमध्ये पटावर १२० मुलं. वर्षअखेर १४ नापास. त्यातली नऊ एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, घेऊन गेली, पाच तिथेच पुन्हा बसली. दहावीला आली १०६. दिवाळीपर्यंत सहाजणांच्या पालकांना बोलावून "याला खासगी उमेदवार म्हणून बसवा, दडपण राहणार नाही" असं समजावलं. नियमित फॉर्म गेले १००. परीक्षेला दोन गैरहजर. बसली ९८, पास ९१. फ्लेक्सवर ९२.८६ टक्के. पण दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात बसलेल्या १२० पैकी पास ९१, म्हणजे ७५.८३. दोन्ही आकडे खरे. पहिला शाळेला आवडतो. दुसरा तुमच्या पोरासाठी जास्त कामाचा, कारण तुमचं पोर नववीतच आत शिरणार आहे. चाळणी नववीला लागते आणि नववीचा निकाल कुठल्याही फ्लेक्सवर नसतो. खासगी उमेदवारांचा निकाल बोर्ड वेगळा दाखवतं, म्हणून ते सहाजण शाळेच्या खात्यात येतच नाहीत. सगळ्याच शाळा हे करतात असं मी म्हणत नाही, पण नववीचा पट आणि दहावीचे नियमित फॉर्म यांत मोठा फरक दिसला की विचारायला हरकत नाही.

आपल्या मराठी माध्यमाच्या वर्गांचं उलटं होतं, आणि त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. तुकडी लहान. आठ मुलं बसली आणि एक राहिलं तर निकाल ८७.५, दोन राहिली तर ७५. गेल्या वर्षी १०० आणि या वर्षी ७५ म्हटल्यावर लोक म्हणतात शाळा बसली. शाळा जागच्या जागी आहे, दोन मुलांचा गणिताचा पेपर गेला इतकंच. एवढ्या लहान तुकडीत टक्के काढूच नयेत. "आठपैकी सहा पास, दोन पूरक परीक्षेला" असं लिहावं, आणि पाच वर्षांची बेरीज द्यावी.

गणितावरून आठवलं. दहावीला बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पर्याय आहेत. शाळेने सगळ्यांना बेसिक घ्यायला लावलं की गणिताचा निकाल सुंदर दिसतो. पण पुढे सायन्सला गणित घ्यायचं तर स्टँडर्डचा अभ्यास झालेला बरा, आणि ते अकरावीत गेल्यावर कळतं. "गणितात ९७ टक्के पास" या ओळीत स्टँडर्डला किती बसले हे नसेल तर ती ओळ मी वाचत नाही.

बोर्डाबाहेरच्या यशाची तर वेगळीच गंमत आहे. इन्स्पायर मानक या केंद्र सरकारच्या विज्ञान-कल्पनांच्या योजनेचं उदाहरण घ्या. शाळा कल्पना पाठवते, निवड झाली तर मुलाच्या खात्यात १०,००० रुपये येतात आणि ते मॉडेल बनवण्यासाठी असतात. ही पहिली पायरी. त्यानंतर जिल्हा प्रदर्शन, मग राज्य, मग राष्ट्रीय. पण पैसे खात्यात आले की पीडीएफमध्ये "राष्ट्रीय पुरस्कार" झळकतो. मुलाची पाठ थोपटाच, पण जिल्ह्याला मॉडेल चाललं का, हे पुढच्या वर्षी लिहा. मॉडेल न चालण्याचं नेहमीचं कारण हे की पैसे आल्यावर ते बाहेरून कुणाकडून तरी बनवून घेतात, आणि परीक्षकाने "हे सेन्सर कशासाठी?" विचारलं की मूल बाईंच्या तोंडाकडे बघतं.

ऑलिम्पियाडही दोन जातींचे. खासगी परीक्षांमध्ये फी भरून अख्खा वर्ग बसतो आणि वर्गात पहिला येणाऱ्याला सुवर्णपदक मिळतं, म्हणजे जितके वर्ग तितकी सुवर्णपदकं. गणिताची खरी शिडी वेगळी: आधी आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा, मग प्रादेशिक आरएमओ, मग राष्ट्रीय आयएनएमओ. यातली पहिली पायरी ओलांडलेला एक मुलगा शाळेत असेल तर तो पस्तीस सुवर्णपदकांच्या वर छापला पाहिजे. होतं उलट, कारण त्याच्याकडे चकचकीत पदक नसतं, नुसतं यादीत नाव असतं.

खेळात स्तर लिहिताना घोळ होतो. गुजरात सरकारच्या खेल महाकुंभ स्पर्धांमध्ये तालुका किंवा झोन, जिल्हा, राज्य असे टप्पे आहेत; शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट. "राज्यस्तरावर निवड" आणि "राज्यात तिसरी" यांत आकाशपाताळाचं अंतर आहे. हॉल भाड्याने घेऊन भरवलेल्या "आंतरराष्ट्रीय" कराटे स्पर्धेत वजनगटात तीनच मुलं असतील तर तिघांनाही पदक मिळतं. गटात किती होते, हा एक प्रश्न विचारला की पुष्कळशी हवा निघते.

या सगळ्यात एक गोष्ट कधीच छापली जात नाही, एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. माध्यमिक शाळेचं खरं काम इथे सुरू होतं, कारण शिष्यवृत्ती दर वर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावी लागते, नववीतून दहावीत पहिल्याच फटक्यात जावं लागतं आणि अकरावीसाठी दहावीत ६० टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सूट). पैसे अडतात ते बहुधा खातं आधारला जोडलेलं नसतं म्हणून, नावातल्या फरकामुळे, नाहीतर शाळेने वेळेत पडताळणी केली नाही म्हणून. "मागच्या वर्षी अकराजण घेत होते, या वर्षी अकराच्या अकरा चालू" ही बातमी मी कुठल्याही सत्कारापेक्षा मोठी मानतो. ती शाळेच्या क्लार्कची कमाई असते आणि क्लार्कचा फोटो काही फ्लेक्सवर येत नाही.

आपल्या गावाला हे नवं असायला नको. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं शिक्षण आधी १८९३ ला अमरेलीत करून पाहिलं आणि १९०६ ला सगळ्या राज्यात लागू केलं. बडोदा संस्थानाचे वार्षिक प्रशासन अहवाल छापून निघत, त्यात शाळांचे आणि पटावरच्या मुलांचे तक्ते असत. छेद लिहायची सवय इथे शंभर वर्षांपूर्वी होती.

शाळांना करायचं ते फार नाही. जूनपासून एक नोंदवही ठेवा. स्पर्धेचं पूर्ण नाव, भरवणारी संस्था, स्तर, वयोगट, त्या प्रकारात किती स्पर्धक, निकाल, आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स. महिन्याच्या शेवटी वर्गशिक्षकांनी भरायची. एप्रिलमध्ये आठवून लिहायला बसलं की मोठ्या आवाजाच्या बाईंच्या वर्गाची तीन पानं होतात आणि गप्प बसणाऱ्या सरांच्या वर्गाची दोन ओळी. पटाचे आकडे जनरल रजिस्टरमधून घ्या, शिक्षकांना तोंडी विचारून नको. मे महिन्यातला निकाल हंगामी समजा. गुणचकासणी आणि पूरक परीक्षा झाल्यावर जुलैअखेर पुन्हा एक पान काढा. पूरकमधून पास झालेल्या मुलांची नावं कुठेच येत नाहीत, आणि उन्हाळाभर अभ्यास त्यांनीच केलेला असतो.

एक सावधगिरी. मुलांची गुणपत्रकं ग्रुपवर टाकू नका. निकाल उघडायला बैठक क्रमांक पुरतो, त्यामुळे फोटोत तो दिसला की कोणीही सगळे विषय उघडून बघू शकतं. बैठक क्रमांक झाका. फ्लेक्ससाठी फोटो घेताना पालकांची लेखी परवानगी घ्या. क्लासवालेही तोच फोटो मागतात आणि एकच मुलगी तीन खांबांवर तीन संस्थांची होऊन बसते.

फ्लेक्सवर एवढी ओळ पुरेल: "दहावी. नववीला दाखल १२०, नियमित फॉर्म १००, बसले ९८, पास ९१, पूरक ७. स्टँडर्ड गणित ४०. राज्याचा निकाल अमुक." फ्लेक्सवाल्याला ती चेहऱ्यांच्या वर बसवायला सांगा. खाली दिली तर खांबाला बांधताना दुमडून आत जाते.